माझा वाळलेला पाय

पायाच्या दुखण्यापायी माणूस राहतं घर विकायला निघतो का हो? मी निघालो होतो! हसू नका, आधी ऐका.

सोसायटीतल्या सत्यनारायणाला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवसापासून डावा पाय ठणकायला लागला. टाच, पोटरी, पार कंबरेपर्यंत! शेजारी सल्ले द्यायला टपलेलेच. कोणी म्हणे सायटिका, कोणी म्हणे बी-ट्वेल्व्ह, कोणी म्हणे शिरा फुगल्या असतील. रक्त तपासलं, एक्स-रे काढला. सगळं नॉर्मल! अहो, मग दुखतंय ते काय?

त्यात डाव्या सँडलचा पट्टा ढिला पडायला लागला. आवळत आवळत शेवटच्या भोकाशी आलो आणि बायकोला हाक मारली.

"अगं, माझा पाय वाळत चाललाय!"

"जीभ मात्र शाबूत आहे," बायको म्हणाली.

आमचं घर कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी जाहीर करून टाकलं, हे विकायचं आणि वारज्यात लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचा. बायकोच्या सगळ्या मैत्रिणी याच बिल्डिंगमध्ये. तिने अबोलाच धरला. मी एजंटला फोन करून मोकळा!

मग फिजिओथेरपिस्ट गाठला. दारावर पाटी: 'पादत्राणे बाहेर काढावीत. पुन्हा सांगितले जाणार नाही.' आत पाहतो तर आमचे तळमजल्यावरचे बापट!

"तुम्ही इथे कुठे?"

"डावा पाय हो. सुजलाय. सँडलमध्ये मावत नाही."

"माझा वाळलाय!"

गळ्यात गळा घालून रडायचंच काय ते बाकी होतं.

तपासून घेऊन दोघे बाहेर आलो. बापट चपलांच्या रॅकसमोर थबकले. आमच्या सँडल अगदी एकसारख्या तपकिरी. सँडलचं दुकान त्यांना सुचवलं होतं मीच!

"साठे, तुमचा वाळलेला पाय जरा या माझ्या डाव्या सँडलमध्ये घाला बघू."

घातला. चपखल बसला!

सत्यनारायणाहून येताना मी एक आपली आणि एक बापटांची घालून आलो होतो. त्यांची एक नंबर मोठी, वर टाच झिजलेली. आणि एकाही डॉक्टरने ती पाहिली नाही, कारण चपला सगळीकडे दाराबाहेर!

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि तिच्यासमोरच स्पीकरवर एजंटला फोन लावला.

"विकायचं नाही? अहो काका, पार्टी संध्याकाळी बघायला येतेय! त्यांना कारण काय सांगू?"

बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"सांगा, ह्यांचा पाय ठणठणीत आहे. आता डोकं दाखवायला न्यायचंय."