वहिनींची लिस्बनमधली खानावळ

कुमुदवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात होतो. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून दाखवत होतो, चौथ्या ओळीत अडकलो होतो, आणि खिशात फोन वाजला. कळंबहून त्यांच्या घरमालकीणबाई बोलत होत्या. "सकाळी दार उघडलं नाही म्हणून हाका मारल्या... तुम्ही या लवकर." यवतमाळहून कळंब काही लांब नाही. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. माझ्या थोरल्या भावाची बायको गेली होती, तीस-पस्तीस वर्षांचं नातं; त्यांचा चेहरा, त्यांच्या हातचं जेवण, निदान शेवटची भेट तरी डोळ्यांपुढे यायला हवी होती. पण त्या सबंध वाटेत माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं आणि ते वहिनींचं नव्हतं. दुसऱ्याच एका बाईचं होतं. तिने ते पुष्कळ वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं, पुढे पोचवायला. मी पोचवलं नव्हतं.

दादा कोर्टात कारकून होता. पंचेचाळिशीत, एका साध्या मंगळवारी, ऑफिसातच गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी जायचं नाही हे वहिनींनी ठरवलं आणि दत्त चौकामागच्या भाड्याच्या घरात खानावळ सुरू केली. आधी बदलून आलेले दोन मास्तर जेवायला असत, मग पंचायत समितीतले तिघे. पुढे कापसाची ती वाईट वर्षं आली. जिल्ह्यातून रोज कुठली ना कुठली बातमी निघायची आणि बातमीमागे माणसं यायची. पत्रकार, अभ्यासक, समित्यांवरची मंडळी, कॅमेरेवाले, परदेशी. दिवसभर गावं फिरून ते सगळे वहिनींकडे जेवत. पाटोडीचा रस्सा, गोळाभात, कढी, ज्वारीची भाकर. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत दुभाष्या म्हणून जायचो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. मोठी माणसं माझ्या तोंडाकडे पाहायची. वहिनींना मात्र त्या गर्दीचं सुख नव्हतं. एकदा सगळे उठून गेल्यावर पाटावर तशाच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "तिकडे माणसं मरून राहिली आणि त्याच्यामुळे माझ्याकडे पंगती बसून राहिल्या. भाऊजी, माझ्या घशाखाली नाही उतरत हे."

भाकर थापायला त्यांना सोमलीने शिकवलं होतं. आमचं घर पोळ्यांचं. वहिनींची भाकर कडेला फाटायची. सोमली कळंब रस्त्यावरून आत असलेल्या एका तांड्यातली, बंजारा समाजातली बाई. बाजाराच्या दिवशी अंबाडी आणि वाळल्या मिरच्या घेऊन यायची, ती आधी वहिनींच्या दारात टोपली उतरवायची आणि मग बाजारात जायची. चहा पिता पिता एकदा तिने वहिनींच्या हातातला गोळा काढून घेतला. "बाई, तुमी पिठाले भेऊन राह्यल्या. भेल्यावर थे फाटनारच." त्या दिवसापासून ती दर आठवड्याला परातीशी बसायची. वहिनींची भाकर पुढे पार सातासमुद्रापलीकडे नावाजली, ती मुळात सोमलीच्या हातची.

त्याच वर्षी सोमलीचा नवरा गेला. कसा गेला हे तेव्हा आमच्या जिल्ह्यात कोणी कोणाला विचारत नव्हतं. तिसऱ्या दिवशी वहिनींनी डबा भरला. त्या दिवसांत त्यांच्याकडे तेरेझा नावाची लिस्बनची फोटोग्राफर बाई जेवायला होती. मनाने चांगली, हसरी, वहिनींच्या रस्स्यावर भाळलेली. "तुम्ही लिस्बनला चला, आपण खानावळ काढू," असं ती रोज म्हणायची आणि हळूहळू ते थट्टेचं राहिलं नव्हतं. तिच्याकडे गाडी होती. म्हणून डबा घेऊन मी तिच्याच गाडीतून तांड्यावर गेलो.

सोमली दाराशी बसली होती. अंगावरचे सगळे दागिने उतरवलेले, हात मोकळे, एरवी डोक्यावरून कधी न ढळणारा पदर खांद्यावर. तिने डबा घेतला. तेरेझाने कॅमेऱ्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सोमलीला विचारलं. ती बराच वेळ बोलली. "काढू दे तिले. पन माही पोरगी लग्नाची हाय. हा फोटू कुठी लावू नोको म्हना तिले. मानूस गेल्यावर बाई कशी दिसते, थे जगाले कायले दाखवाचं?" तेरेझा डोळ्याला कॅमेरा लावून थांबली होती. तिला नाराज करावं असं मला वाटलं नाही... वहिनींचं लिस्बनला जाणं तेव्हा तिच्याच हातात होतं. मी इंग्रजीत एवढंच म्हणालो, "हो म्हणते."

दोन वर्षांनी वहिनी खरोखरच लिस्बनला गेल्या. कागदपत्रं तेरेझाने केली, जागाही तिच्याच नावावर होती. भाषेची सोय म्हणून मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढून सोबत गेलो. एका चढाच्या गल्लीत सहा टेबलांची जागा, बाहेरून निळ्या फरशांची भिंत, खालच्या वळणावर ट्राम करकरत जायची. ज्वारीचं पीठ मिळालं ते मोझांबिकहून येऊन तिथे स्थायिक झालेल्या एका गुजराती बाईच्या दुकानात. जुनं पीठ, थापलं की तुटायचं. वहिनी आधण ओतून त्याची उकड काढायच्या आणि पुटपुटायच्या, "भ्यायचं नाही, भ्यायचं नाही." पहिलं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे शेजारचा म्हातारा न्हावी. त्याला भाकर इतकी आवडली की तिसऱ्या दिवशी तो तिच्यासोबत खायला घरून तळलेली मासळी घेऊन आला. वहिनींनी जन्मात मासळीजवळ बसून पाहिलं नव्हतं. त्या क्षणभर थबकल्या, मग त्याच्या ताटात मिरचीचा ठेचा वाढून आत गेल्या. आत जाऊन पोट धरधरून हसल्या. दादा गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

उद्‌घाटनाच्या सकाळी तेरेझाने भेट आणली. प्लास्टिकच्या कापडावर छापलेला फोटो, जवळजवळ भिंतभर. उलगडला आणि वहिनी पुढे झाल्या. "भाऊजी, ही सोमली आहे ना?" खालच्या कार्डावर तेरेझाने पोर्तुगीजमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या: कापसाचा प्रदेश, पतीच्या मृत्यूनंतरचा तिसरा दिवस. वहिनींनी मला विचारलं, "तिला विचारलं होतं ना?" मी म्हणालो, "हो. विचारलं होतं." ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतकी वर्षं झोंबत राहिलं.

पुढचे पाच महिने मी त्या भिंतीखाली दोन वेळ जेवलो. पाठ तिकडे करून बसायचो. रजा संपली, मी परतलो आणि मग वहिनींचे फोन यायला लागले. त्यांच्याकडे सकाळ असायची, माझ्याकडे कॉलेज सुटायची वेळ. आधी पिठाचं, थंडीचं, न्हाव्याच्या नातवाचं बोलायच्या. नंतर नंतर भिंतीचंच. "मी भाकर थापत असते नं, तेव्हा ती माझ्या हाताकडे पाहत असते." एकदा म्हणाल्या, "तिच्याच हातची भाकर विकून राहिली मी आणि तिलाच समोर बसवलं. जेवायला नाही, दाखवायला." मी म्हणायचो, वहिनी, मनाचे खेळ आहेत, लोक किती आदराने बघतात. तिकडे टेबलांवर भांड्यांचे आवाज यायचे... मग फोन बंद.

एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. आदल्या दिवशी एक वयस्क बाई जेवायला आली होती, जाताना तिने फोटोच्या खाली पांढरी फुलं ठेवली आणि हात जोडून उभी राहिली. वहिनींना आधी कळेना. मग कळलं. त्या बाईला सोमली मेलेली वाटली होती. "आपल्याकडे भिंतीवर कोण असतं, भाऊजी? गेलेली माणसं. मी जित्या बाईला भिंतीवर टांगलं." नंतर एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "त्या दिवशी सोमली काय म्हणाली होती? नक्की काय म्हणाली होती, ते सांगा."

मी सांगितलं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात. मग त्या म्हणाल्या, "पाच महिने तुम्ही तिच्याखाली बसून जेवलात."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोटो उतरवला. तेरेझा दुखावली. तिचंही काय चुकलं होतं? तिला 'हो' सांगितलं गेलं होतं. वहिनींनी मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये तिला सांगायचा प्रयत्न केला, पण माझं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि ते वगळल्यावर सांगण्यासारखं काही उरतच नव्हतं. फोटोवाचून ती जागा चालवण्यात तेरेझाला रस राहिला नाही. तीन-चार महिन्यांत खानावळ बंद झाली. शेवटच्या दिवशी न्हाव्याने वहिनींच्या हातावर आपली कात्री ठेवली, त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं म्हणून.

परत आल्यावर त्यांनी कळंबला दोन खोल्या घेतल्या. गुंडाळलेला फोटो घेऊन तांड्यावर निघाल्या तेव्हा मी चप्पल घालू लागलो. "तुम्ही येऊ नका," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा डोळे लालबुंद होते आणि लुगड्याला धुराचा, जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माझ्याशी त्या कधी वाईट वागल्या नाहीत. दिवाळीला अनारसे ठेवायच्या, माझ्या डोळ्यांची चौकशी करायच्या. पण त्यानंतर त्यांनी माझ्या तोंडून आपला एक शब्दही कोणाला पोचू दिला नाही. दवाखान्यात मी डॉक्टरांना त्यांचं दुखणं सांगू लागलो की हात वर करायच्या, "थांबा. मी सांगते माझं." सोमली अधूनमधून त्यांच्याकडे येते हे मला कळलं होतं. पण मी पोचेपर्यंत ती निघून गेलेली असे. ओट्यावर दोन कप तेवढे पालथे घातलेले दिसत.

वहिनी गेल्या त्याच्या चौदाव्या दिवशी मी कळंबच्या खोलीत सामान आवरत होतो. दारात सोमली उभी. केस पांढरे झालेले, बाकी पाठ तशीच ताठ. आत आली, स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. मी चहा ठेवला. कप तिच्यापुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की त्या दिवशी तू जे बोललीस ते मी त्या बाईला सांगितलंच नव्हतं. वहिनींची त्यात काही चूक नव्हती. माझी होती.

तिने चहा बशीत ओतला. "मले मालूम हाय."

"वहिनींनी सांगितलं?"

"बाई तं म्हने, माही चूक हाय, माही चूक हाय. तुमचं नाव नाही घेतलं तिनं." बशी तोंडाशी नेऊन तिने परत खाली ठेवली. "मास्तर, मी येवढी बोल्ली. अन् तुमी दोन शब्दांत आटोपलं. विंग्रजी नाही येत मले, पन लांबी तं समजते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मानूस जाऊन तीन दिवस झाले होते. कोनासंगं भांडू मी?"

फोटोचं मी विचारलं. तिने सांगितलं, चुलीत घातला. वहिनींच्या समोरच. "लई घान वास सुटला, धूर धूर झाला. मी म्हनलं, बाई, बाहेर व्हा. पन थे हालली नाही. चूल इझेपर्यंत बसून राह्यली. मंग मी भाकरी टाकल्या. दोघी जेवलो."

बाहेर घरमालकीणबाई कोणाशी तरी नळाच्या पाण्याबद्दल बोलत होत्या. मग सोमली म्हणाली, "आता सांगा. मी काय बोल्ली होती थ्या दिवशी, थे सगळं सांगा."

मी समोर बसलो. इतकी वर्षं रोज घोकलेलं वाक्य, मला अडखळायचं काही कारण नव्हतं. काढू दे तिला, पोरगी लग्नाची आहे, हा फोटो कुठे लावू नको म्हणा तिला... तिने हात वर केला, थेट वहिनींसारखा.

"'लावू नोको म्हना तिले', असं नाही म्हनलं मी. 'लावू देऊ नोका' म्हनलं. तिले नाही. तुमाले म्हनलं होतं, मास्तर."

चहा संपवून तिने कप विसळला, पालथा घातला आणि पाचच्या गाडीने गेली.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. खोल्यांचं सामान निघालं, घरमालकीणबाईंनी नवं बिऱ्हाडही ठेवलं. पुरवणीच्या संपादकांनी या लेखासोबत छापायला वहिनींचा फोटो मागितला. माझ्याकडे दोन आहेत; एक दादासोबतचा आणि एक लिस्बनमधला, पिठाचे हात अधांतरी धरून हसतानाचा. तो दुसरा फार चांगला आलाय. दोन्ही पाकिटात घालून पोस्टापर्यंत गेलो होतो. तसाच परत आलो... वहिनींना विचारायचं राहून गेलं.