धुरांड्याची ओढ

नसरापूरच्या फाट्यावर आमची गाडी सकाळी आठ वाजता येऊन थांबली. भोरहून मी आणि माझा नवरा नीलेश मुंबईच्या विमानतळाकडे निघालो होतो, आणि आई मला भेटायला मार्गासनीहून एसटीने येणार होती. एसटी आली, रिकामी झाली, गेली. आई तिच्यात नव्हती. ड्रायव्हर दोनदा घड्याळ बघून गेला. अर्ध्या तासाने दुधाच्या टेम्पोतून आई उतरली. अंगावर ठेवणीतलं लुगडं आणि तळहातांना वाळलेला चिखल.

"काल बसवलेली चूल बघाया गेलते," ती म्हणाली. "म्हणलं, धूर मागं येतोय का बघावं आन मग निघावं."

मी नॉर्वेला चालले होते आणि तिला दुसऱ्याच्या चुलीची पडली होती. मला राग आला, पण मी तो दाखवला नाही. तिने कुरडयांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, चिखल लागेल म्हणून मला जवळ न घेता नुसता मनगटाने गालाला स्पर्श केला आणि म्हणाली, "तिकडं घरात शेगडी आसंल तर धूर कुठं जातोय ते आधी बग. बाकीचं मागनं लाव."

मार्गासनीच्या शाळेत माझ्याबरोबर शिकलेल्या तुमच्यापैकी कोणी हिंजवडीत आहे, कोणी दुबईत. निघताना तुम्हाला जपून राहा, वेळेवर जेवा असं सांगितलं गेलं असेल. मला हे सांगितलं गेलं. जे मार्गासनीतच राहिले त्यांना त्यात नवल वाटणार नाही, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी आईनेच चूल बसवलेली आहे.

मी तिसरीत असताना आईने वेल्ह्याला निर्धूर चुलीचं शिक्षण घेतलं. आठ दिवस ती सकाळच्या एसटीने जायची. गाळाची माती, भाताचं तूस आणि शेण मळून चूल घालायची, तिला मागून सिमेंटचा पाईप जोडायचा आणि तो छपरातून वर काढायचा, एवढंच काम. पहिली चूल तिने आमच्याच घरात घातली आणि ती फसली. सगळा धूर चुलीच्या तोंडातून परत स्वयंपाकघरात. चुलती पदर नाकाला लावून हसली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, शिडी लावून दिली आणि आई स्वतः छपरावर चढली. पाईप आढ्याच्या खाली संपत होता. वारा आढ्यावरून उतरून पाईपात धूर दाबत होता. तिने पाईप दोन हात वाढवला आणि चूल चालू लागली.

पाईप धूर ओढून घेतो त्याला आई 'ओढ' म्हणायची. चूल चांगली की वाईट हे ती रंगारूपावरून ठरवत नसे, ओढीवरून ठरवायची. विस्तव नसताना चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरायची. धुराची रेघ आत वाकली आणि दिसेनाशी झाली की ठीक. ती सरळ वर गेली तर ओढ कमी, अंगावर आली तर काहीतरी चुकलंय. पावसाळ्यात पाईप गार पडलेला असेल तर आधी त्याच्या बुडाशी कागद पेटवून पाईप ऊन करायचा, मगच लाकूड लावायचं. आणि ओढ फार झाली तरी ती नाराज असायची, कारण मग जाळ भांड्याखाली न थांबता मागे पळतो, सरपण संपतं आणि भात कच्चा राहतो. हे सगळं मला पाठ होतं. शनिवार-रविवार मी तिच्याबरोबर तूस वाहायला जायची.

कामथडीच्या एका घराची गोष्ट तेवढी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तेव्हा मी आठवीत होते. त्या लोकांनी कौलारू घर पाडून स्लॅबचं नवं घर बांधलं होतं. लोखंडी खिडक्या, घट्ट दारं, कुठे फट नाही. आईने घातलेली चूल तिथे धूर ओकायची. घरातल्या सासूबाईंनी गावभर सांगितलं की या बाईला काम येत नाही. आई चार वेळा गेली. पाईप साफ केला, वरची टोपी बदलली, काही फरक पडला नाही. पाचव्या वेळेला तिने कशालाच हात लावला नाही. चूल पेटवायला लावली आणि दुपारभर समोर नुसती बसून राहिली. मी ओट्यावर उभी होते आणि मला तिची लाज वाटत होती. मग ती उठली आणि मागचं दार चार बोटं उघडलं. धूर वळला आणि आत गेला.

"धूर भायेर जायाचा तर आत वारं याया पायजे," ती सासूबाईंना म्हणाली. "तुमी घर लई बंद केलंय."

भोरच्या कॉलेजात गेल्यावर आई काय करते असं कोणी विचारलं की मी 'सरकारी योजनेत आहे' असं सांगायचे. पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले, नीलेशशी लग्न झालं, त्याला नॉर्वेत नोकरी लागली. ओस्लोपासून तीन तासांवरच्या एका लहान गावात आम्ही आलो. आता मी इथल्या बालवाडीत काम करते. मुलांचे बूट चढवते आणि उतरवते. दिवसाचा निम्मा वेळ त्यातच जातो.

इथे जवळजवळ प्रत्येक घरात लाकडाची लोखंडी शेगडी आहे. काचेचं दार, वर काळा पाईप. विजेवर घर तापतंच, पण थंडी वाढली की लोक लाकूड लावतात. आमच्या शेजारी बेरित नावाची ऐंशी वर्षांची बाई एकटी राहते. इथे वयाने कितीही मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते जमायला वर्ष गेलं, आणि मनातल्या मनात मी अजून बेरितआजीच म्हणते. बर्फावर कसं चालायचं हे मला तिनेच शिकवलं. पाऊल सपाट टाकायचं, पेंग्विनसारखं, असं म्हणून तिने रस्त्यावर चालून दाखवलं होतं.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी माझ्या लक्षात आलं की तिच्या दारासमोरचा बर्फ दोन दिवस कोणी काढलेला नाही. मी डब्यात खिचडी घेतली आणि दुपारी बाराला तिच्याकडे गेले. ती शेगडीसमोर खुर्चीत बसली होती. तीन दिवस डोकं दुखतंय, पोटात ढवळतंय, फ्लू असावा, म्हणाली. बोलताना शब्द चुकत होती. मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

तेव्हा मी शेगडीकडे पाहिलं. काच आतून काळी झाली होती आणि जाळ आळसावल्यासारखा, पिवळा, जागच्या जागी हलत होता. स्वयंपाकघरात धूर ओढणारा नवा पंखा जोरात चालू होता. शरद ऋतूत तिच्या मुलाने सगळ्या खिडक्या बदलून दिल्या होत्या. तीन काचांच्या, वाऱ्याचा आवाजसुद्धा आत येत नाही अशा. मी टेबलावरची काडी पेटवली, विझवली आणि शेगडीच्या हवेच्या फटीशी धरली. धूर आत गेला नाही. तो माझ्याकडे आला.

मला कामथडीचं घर दिसलं. विचार असा काही केलाच नाही. पंखा बंद केला, दार आणि खिडकी सताड उघडली, बेरितला घोंगडीत गुंडाळून ओढत व्हरांड्यात आणलं. ती 'थंडी, थंडी' म्हणत मला ढकलत होती. मग मी फोन केला. माझं नॉर्वेजियन तेव्हा कच्चंच होतं, पण 'शेगडी', 'धूर' आणि 'म्हातारी' हे तिन्ही शब्द मला येत होते.

ॲम्ब्युलन्सच्या लोकांनी तिचं रक्त तपासलं आणि तिला लगेच ऑक्सिजन लावला. ज्या विषारी वायूला वास नसतो तो तीन दिवस तिच्या अंगात जात होता. बंद घरात पंखा हवा बाहेर फेकत होता आणि तिच्या जागी धुरांड्यातून हवा आत ओढली जात होती, शेगडीतलं सगळं घेऊन. धोका सांगणारं यंत्र तिच्याकडे होतं. सेल संपत आल्यावर ते सारखं वाजायचं म्हणून तिने ते काढून कपाटात ठेवलं होतं. आणखी एक दिवस गेला असता तर ती उठली नसती, असं डॉक्टरांनी तिच्या मुलाला सांगितलं.

सोमवारी धुरांडी तपासणारा नगरपालिकेचा माणूस बेरितच्या घरी आला. हे इथलं नेमाचं काम आहे. त्याने पाईप बघितला, पंखा लावून बघितला, काडीचा धूर बघितला आणि मला विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मी विज्ञान शिकवायचे," मी म्हणाले.

तो मान हलवून लिहू लागला. मी घरी आले आणि आठवडाभर मला ते उत्तर खुपत राहिलं. ते खोटं नव्हतं. पण शाळेच्या पुस्तकातून मी काडी धरायला शिकले नव्हते. परक्या देशात, जिथे भोरचं कोणी नाही, कॉलेजातलं कोणी नाही, तिथेही माझ्या तोंडातून आईचं काम निघालं नव्हतं. कोणापासून लपवत होते कोण जाणे.

तो माणूस पुढच्या आठवड्यात बाहेरची हवा आत यावी म्हणून खिडकीखाली नवी बसवलेली जाळी बघायला परत आला. मी मुद्दाम गेले आणि त्याला सांगितलं की मागच्या वेळी मी बरोबर सांगितलं नाही, हे मला माझ्या आईने शिकवलं, ती चुली घालते. या धंद्याला इथे नाव नाही, म्हणून 'मातीच्या शेगड्या बांधते' असं म्हणाले. त्याने लिहिणं थांबवलं. किती बांधल्या, कशाच्या, पाईप किती उंच ठेवते, असं विचारत राहिला. बेरित तेव्हा घरी परतली होती. ती खुर्चीतून म्हणाली, "तिला फोन लाव. मला तिला बघायचंय."

मार्गासनीत संध्याकाळ झाली होती. आई ओसरीवर बसली होती. मी मोबाईल बेरितकडे धरला. दोघींनी एकमेकींना हात जोडले, बेरितने ते आईचं बघून केलं. मग आई म्हणाली, "शेगडी दाव."

मी दाखवली. तिने पाईप कुठून वर जातो ते विचारलं, काच उघडायला लावली, काडी धरायला लावली. धूर सरसर आत गेला. आई बराच वेळ बघत होती.

"आता झ्याक हाय," ती म्हणाली. "ती जाळी बर्फानं बुजंल, तेवढी रोज बगाया सांग म्हातारीला."

मी ते सांगितल्यावर धुरांडीवाला हसला, कारण तो तेच सांगायला आला होता. त्याला आकडा हवा होता म्हणून मी आईला विचारलं, आजवर किती चुली घातल्या. "मोजाया कुणी सांगितलं न्हवतं," ती म्हणाली.

बेरित आणि धुरांडीवाला आपापल्या कामाला लागल्यावर मी घरी आले, पुन्हा फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. पहिल्यांदा मी काय उत्तर दिलं तेही, आणि भोरला काय सांगायचे तेही.

"मला ठावं हाय भोरचं," ती म्हणाली. "तुझ्या मैतरणी घरी आल्या व्हत्या तवाच समजलं. माझा हात चिखलाचा आसायचा, पोरींला लाज वाटतीच. पर ह्या खेपेला सांगितलंस त्ये बरं केलंस."

आता आईचे गुडघे छपरावर चढू देत नाहीत. गावात गॅस आलाय, चूल फक्त आंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला. सुटीत गेले की मार्गासनीत मला दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी इथली शांतता आठवते. इथे आले की उलट. तुमच्यातले जे बाहेर पडलेत त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

तीन वर्षं मी आईला इथे बोलवत होते आणि ती काहीतरी कारण काढायची. गेल्या महिन्यात ती हो म्हणाली. पासपोर्ट आला. जूनमध्ये येणार. परवा फोनवर मी तिला काय काय आणायचं ते सांगत होते. स्वेटर आणच, म्हटलं, आणि डोळ्यांवर बांधायला एखादं फडकं आण, कारण आमच्याकडे जूनमध्ये अंधारच पडत नाही.

आईने मला थांबवलं. "आमच्याकडं म्हंजी तिकडं का?"

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं तिच्याशी बोलताना 'आमच्याकडे' म्हणजे मार्गासनी, आणि हे 'इथे'. दुसरा अर्थ मी तिच्यासमोर कधी लावला नव्हता.

"हो," मी म्हणाले.

"मग ठीक हाय," आई म्हणाली. "मला वाटायचं, तू तिकडं आजून पाव्हणीच हायेस. पाव्हणीकडं कशाला जायाचं राह्याला?" मग तिने विचारलं, तांदूळ पाच किलो आणू की दहा.