दत्तोबाचं गाळलेलं पाणी

भिगवणच्या पुढं उजनी धरणाच्या फुगवट्यावर दत्तोबाची होडी चालते. आधी तिच्यात मासळी यायची, आता बारामती-पुण्याचे पाव्हणे येतात, थंडीत उतरणारे गुलाबी रोहित पक्षी बघायला. दत्तोबा मोटर लांबच बंद करतो आणि पुढं बांबूनं होडी रेटतो. "त्येंचं जेवान चाललंय, जरा गप बसा," असं भल्याभल्यांना सुनावतो.

पण पक्षी काठापासून हटत चालले. औंदा तर दुर्बीण लावली तरी नुसते गुलाबी ठिपके. पक्षी गेले की होडी उपडी घालून ठेवायची, हे दत्तोबाला कुणी सांगायला नको होतं.

त्यातच पाण्याची पाहणी करणाऱ्या विनयाताई आल्या. होडीवाल्यांना जमवून म्हणाल्या, "मालवणला पर्यटकांना पाण्याखाली नेणारी माणसं तिथल्या पोवळ्यांच्या तब्येतीवर नजर ठेवतात. तसं तुम्ही इथल्या पाण्यावर ठेवा. दर सोमवारी काठाजवळच्या पाण्याची एक बाटली भरून द्यायची."

दत्तोबानं काम मनावर घेतलं. एक सोमवार चुकवला नाही. तपासणीत त्याचं पाणी दरवेळी झकास निघे. पाणी चांगलं आणि पक्षी लांब, ताईंना मेळ लागेना. शेवटी एका सोमवारी त्या स्वतःच होडीत बसल्या.

दत्तोबानं काठ सोडला आणि होडी थेट मधल्या धारेला नेली. बाटली विसळली, पुन्हा विसळली. मग खांद्यावरचं उपरणं दुहेरी करून तिच्या तोंडाला धरलं आणि पाणी गाळून भरलं.

"तात्या, गाळताय कशाला?" ताईंनी विचारलं.

"मग? मानसाच्या हातात काय बी पानी द्यायचं व्हय?"

"मी पिणार नाही हो."

"न्हाय प्यालात तरी. लोकं म्हनत्याल, दत्तोबानं बाईमानसाला शेवाळ दिलं."

ताईंना हसू आवरेना. "डॉक्टरकडं जाताना ताप घरी ठेवून जाता का तात्या? मला घाणच पाहिजे. पक्षी पहिल्यांदा जिथून हटले, तिथली."

दत्तोबाची नजर काठाकडं गेली. ती जागा त्याच्याच घराखाली होती. वर बायको कौसल्या पाव्हण्यांना मासळीची थाळी करून घालायची. माशांची आतडी, खवलं, भांड्यांचा फेस, सगळं मागनं पाण्यात उतरायचं.

"तितलं पानी तुमच्या कागदावर गेलं तर आमच्या घराचं नाव लागंल," तो म्हणाला.

"लागेल. पण ते लपवलं तर पक्षी का जातात हे कुणालाच कळायचं नाही."

दत्तोबानं बांबू टेकवला आणि होडी घराकडं वळवली. कौसल्या मासळीच्या आतड्यांचं घमेलं घेऊन काठावरच उभी होती.

"गिऱ्हाईक आनलं का वो?"

"न्हाय. पानी न्यायला आलोय."

"मग हंड्यातलं घ्या की. झाकून ठेवलंय."

"त्ये नगं. ह्ये खालचं पायजे."

त्यानं मघाचं पाणी ओतून दिलं, बाटली तिथंच बुडवली आणि न गाळता भरली. हिरवं पाणी, वर फेस. बाहेरून ती उपरण्यानं नीट पुसली, मग दुसरीकडंच बघत ताईंच्या हातात दिली.

कौसल्यानं बाटली बघितली, मग कमरेवरचं घमेलं.

"मग ही आतडी टाकू कुठं?"

दत्तोबा होडीतनं उतरला. "कुदळ कुठाय?" म्हणाला.