पॅनेलच्या दारावरचा आकडा

बायकोला माझ्या फोनचा पासवर्ड माहीत आहे, माझी कुठली दाढ किडली आहे तेही माहीत आहे. हे मात्र तिलाही माहीत नाही — कुणालाच नाही. आठ वर्षं झाली. मग तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच असेल.

नगरला मी ऑटोमेशनचा डिप्लोमा करत होतो. प्रयोगशाळेत धड चालणारं पॅनेल एकच, आणि त्यात पीएलसी — म्हणजे यंत्रांना हुकूम सोडणारा डबा. महागाची वस्तू. त्यावर दोघादोघांच्या जोडीनं काम करायचं. माझी जोडीदार रेश्मा, मिरजगावची. तिच्या अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान, त्यामुळे पक्कड-टेस्टर लहानपणापासून हातात. बॅचमध्ये ती एकटीच मुलगी, आणि आम्हा सगळ्यांत तिचाच हात चांगला. मला ते खुपायचं का? खुपायचं. पण जे झालं ते त्यामुळे नाही. ते आधी आळसामुळे झालं, मग भित्रेपणामुळे.

सरांचा एक नियम होता. जोडीतल्या एकानं मीटर लावून व्होल्टेज मोजायचं आणि पॅनेलच्या दारावर खडूनं आकडा लिहायचा. तो वाचल्यावरच दुसऱ्यानं स्विच चालू करायचा. आकडा नाही, तर स्विच नाही.

त्या दिवशी मोजायची पाळी माझी. मीटर पलीकडच्या टेबलावर — दहा पावलं असतील. रोज चोवीसच यायचे, आज काय वेगळं येणार? मी सरळ चोवीस लिहिलं. रेश्मानं आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं स्विच चालू केला.

फट्‌ असा आवाज झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. सकाळच्या बॅचनं जोडणी बदलून ठेवली होती. चोवीसच्या जागी घरातल्या बोर्डाला असते ती दोनशे तीसची लाइन आत गेली. सगळे डब्यावर वाकले, रेश्माही. माझी पाठ पॅनेलच्या उघड्या दाराला टेकलेली. आणि मी — कसं सांगू — हात मागे नेला आणि तळहातानं तो आकडा पुसून टाकला.

विचार करून? नाही. पण नंतर विचाराला भरपूर वेळ होता, आणि तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

"सर, आकडा बघितल्याबिगर मी हात लावला न्हाई. चोवीस लिहिलेलं हुतं," रेश्मा म्हणाली. सरांनी दार बघितलं. जुन्या खडूनं ते नेहमीच पांढुरकं असायचं. आकडा कुठेच नव्हता. मग ते माझ्याकडे वळले. मी म्हणालो, मी मीटर आणायला निघालोच होतो. मागून कुणीतरी खिदळलं — पोरीच्या हातात स्विच दिल्यावर दुसरं काय होणार!

सरांनी दोघांनाही झापलं. माणूस वाईट नव्हता. तिच्यावर जीव होता, म्हणून त्यांना जास्तच लागलं असावं. एका कंपनीनं शिकाऊ म्हणून एकच नाव मागितलं होतं आणि तिचं ठरलं होतं. त्यांनी ते खोडून त्याच्या खालचं पाठवलं. खालचं नाव माझं होतं. मी वर्गात पेढे वाटले. तिलाही दिला, तिनं खाल्लाही.

आज मी त्याच कंपनीत कायम आहे. पॅनेल मीच सांभाळतो. माणसं मला हुशार समजतात.

गेल्या वर्षी राहुरीला एका मित्राच्या लग्नात रेश्मा भेटली. नवऱ्याच्या कापडदुकानात बसते म्हणाली. मी विचारलं, वाइंडिंगचं काय?

"अब्बांनी लई बोलावलं रे. पन तवापासनं स्विचला हात लावायचं भ्या वाटतं. आकडा दिसल्यासारका वाटला हुता... माझीच घाई झाली आसंल." मग म्हणाली, "माझ्यापायी तुलाबी बोलनी खावी लागली. राग न्हाई ना?"

आमच्या आसपास कुणी नव्हतं. ती माझ्याकडे बघत उभी होती. एक वाक्य पुरलं असतं.

"नाही गं," मी म्हणालो, "मी तर ते केव्हाच विसरलो."