भाकरीचं पान

आमच्या घरी पित्रांच्या दिवशी एक पान नुसत्या भाकरीचं वाढतात. आज ते वाढताना गरम ज्वारीचा वास आला आणि बाळापूरच्या घरी आलेले ते लेखक आठवले.

तेव्हा त्यांच्या कादंबऱ्या अकोल्यात घरोघरी वाचत. इतिहासाची पुस्तकंही ते लिहायचे. किल्ला पाहून ते आमच्या ओसरीवर टेकले. मी नवी सून, चहा देऊन दाराआड उभी राहिले. मामंजींनी त्यांना आपल्या पणजीची गोष्ट सांगितली. किल्ल्यात कोंडलेल्या माणसांना ती पदराखाली भाकरी न्यायची. एकदा गेली ती परत आलीच नाही.

लेखकांचे डोळे भरले. "आबा, हिला माझ्या कादंबरीत घेतो."

"कादंबरीत काहून? इतिहासात घाला ना."

"तिथं पुरावा लागतो हो."

"आमी दरसाल तिचं पान वाढतो, ते काय उगीच वाढून राहिलो?"

लेखकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मंग राहू द्या, साहेब. मेलेल्या बाईले खोटी नका करू."

तेव्हा मला मामंजींचा राग आला होता. एवढं चालून आलेलं नाव त्यांनी घालवलं, असं वाटलं.

आता मामंजी नाहीत, लेखकही गेले. त्यांची पुस्तकं मी एकेक आणून, अक्षर लावत वाचली. पणजी कुठंच नाही. न विचारता लिहिलं असतं तरी आमच्यापैकी कोण भांडायला जाणार होतं? त्यांनी लिहिलं नाही.