काकांना लावलेली मिशी

स्पिरिट गमचा वास आला की आजही मी तोंड फिरवून बाहेर येतो. नाटकवाले खोट्या मिशा चिकटवतात तो गम. काका होते तोवर, नट होते ते आणि सगळेच त्यांना काका म्हणत, त्या वासाचं मला काही वाटत नसे. दुपारचा खेळ संपला की ते थिएटरसमोरच्या आमच्या सलूनमध्ये यायचे, माझ्या खुर्चीत अंग टाकायचे आणि म्हणायचे, "उतरव रे बाबा हे रान." मी खोबरेल तेल लावून मिशी हळूहळू सोडवायचो. खाली ओठ लालबुंद झालेला असायचा. आरशात स्वतःचं तोंड दिसलं की काका म्हणायचे, "हां, आता घरी जायला हरकत नाही. हिला ती मिशी आवडत नाही."

नाटक-सिनेमात काका सावकार, पोलीस पाटील, हुंड्यासाठी अडून बसलेला सासरा असली कामं करत. नायक कोण होता ते लोक विसरायचे, काकांची झुपकेदार मिशी विसरत नसत. खरं तर त्यांना मिशीच नव्हती. रस्त्यानं जाताना कुणी वळूनही बघायचं नाही. एकदा त्यांच्याबरोबर विंचूरच्या बाजाराला गेलो होतो. काकांनी कांद्याचा भाव विचारला आणि नुसत्या आवाजावरून कांदेवालीनं त्यांना ओळखलं.

"मुडद्या, सोन्यासारखी सून घराबाहेर काढलीस! लाज नाय वाटली?"

काकांनी हात जोडले. "चुकलो बाई. पुढच्या सिनेमात नांदवतो."

बाई इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी नांदेडकडचा. वडील गेले आणि पाचवीतच शाळा सुटली. नाशकात आलो तेव्हा ओळख ना पाळख, खुर्ची कोण देणार? काकांनी आमच्या मालकाला एवढंच सांगितलं, "आजपासून माझी दाढी हाच करील." त्या एका वाक्यावर माझी चूल पेटली. तरी ही खुर्ची आज जाते की उद्या, ही धाकधूक मला कायमच असायची.

ऐंशी सालानंतरच्या एका मे महिन्यात काका दवाखान्यात वारले. त्यांना घरी आणल्यावर काकूंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "दाढीचे खुंट वाढलेत हो. असे कुठे जात नसत ते." मी दाढी केली. कुठे कापलं नाही. काका झोपल्यासारखे दिसत होते. काकूंना अजून त्यांच्याकडे धड बघताही आलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ, गळ्यात पडून रडणाऱ्या बायका. त्या मला म्हणाल्या, "नेण्याआधी थोडा वेळ मला त्यांच्याजवळ बसू द्या, बस."

तेवढ्यात नाट्यमंडळाचे अध्यक्ष आले. आमच्या सलूनचा गाळा त्यांचाच. अंत्यदर्शनासाठी काकांना थिएटरात ठेवायचं असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दुपारपर्यंत रंगमंचावर बर्फाच्या लाद्या आणि त्यांच्यावर काका. तिथेच अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं आणि खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत ती मिशी.

"लाव."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली.

"अरे, लोकं ओळखणार कशी? खेड्यापाड्यांतनं येतायत. असा सपाट चेहरा बघून म्हणतील, भलत्यालाच झोपवलंय."

"मी दाढी करतो साहेब," मी म्हणालो. "मिशा नाही लावत."

"गाळा कुणाचा आहे, माहितीये ना?" असं म्हणून त्यांनी स्वतःच गम लावला.

पुढचं आठवलं की किळस येते. बर्फानं ओला झालेला गार ओठ, त्यावर गम धरेना. कुणी फुलं वाहिली की मिशी सरकायची, आणि अध्यक्ष वाकून नमस्कार केल्यासारखं करत ती अंगठ्यानं पुन्हा दाबायचे. अंगठ्याला लागलेला गम आपल्या धोतराला पुसायचे. लाद्यांचं पाणी, झेंडूचा कुजका वास, त्यात तो गम, वर माशा. रांगेत एक जण काकांच्या आवाजात सासऱ्याचे संवाद बोलून दाखवत होता आणि पुढचे-मागचे खिदळत होते. कॅन्टीनमधून गरम भज्यांच्या पुड्या आत येत होत्या. एका माणसानं तेलकट हातानं काकांचे पाय धरले. फोटोवाला काकूंना म्हणाला, "पदर जरा मागे घ्या, चेहरा येत नाहीये."

काकूंनी मान वर केली ती तेव्हाच. काकांकडे बघितलं. मिशी एका बाजूला लोंबत होती.

"ते काढा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, पाचच मिनिटं. साहेब निघालेत, पुढारी माणूस, त्यांच्या हस्ते हार आहे."

"माझा नवरा आहे तो. काढा ते."

"वहिनी, आता ते एकट्या तुमचे राहिले नाहीत. जनतेचे आहेत."

गाळा, खुर्ची, नांदेडचं घर, सगळं डोळ्यांपुढे आलं. तरी मी पायऱ्या चढून वर गेलो. तेल आणायला वेळ नव्हता, पण मिशी मुळात चिकटलीच नव्हती. ओल्या सालीसारखी अलगद निघाली. ओठावर गमाचे पांढरे चिकट गोळे राहिले होते, ते मी माझ्या धोतराच्या सोग्यानं पुसले. काकूंनी मला थांबवलं आणि उरलेले आपल्या पदरानं स्वतः टिपले. अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "उद्यापासून दिसू नकोस."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आरं, हा नाय तो! दुसराच हाय कुणीतरी!" माणसं टाचा उंचावून बघू लागली. काही तर निघूनही गेली. रंगमंच मोकळा झाला. काकू बर्फाजवळ खाली बसल्या आणि काकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कुणाचीच त्यांना उठवायची हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "आता न्या."

तिरडी फाटकापाशी आली आणि साहेबांची गाडी थांबली. हार हातात घेऊन साहेबांनी काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे.

"हेच ना?"

"हो साहेब," अध्यक्ष म्हणाले, "हेच."