टकटकरावांची खुर्ची

आमच्या हौशी जादूगारांच्या क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीच्यांना म्हणे वेळ नाही. दातांच्या डॉक्टरांना वेळ नाही, न्हाव्याला वेळ नाही, आणि दिवसभर औषधाच्या दुकानात उभा असलेला मी तेवढा रिकामटेकडा! ठीक आहे. मग मी लिहीन तेच वाचा. स्थापना कधी झाली, अध्यक्ष कोण कोण झाले, ते सगळं फळ्यावर आहे. मी लिहिणार टकटकरावांबद्दल, ज्यांना जन्मात एकही जादू करता आली नाही.

टकटकराव म्हणजे आमच्या गल्लीतले रफूगर. कोटाला जळून भोक पडलं, तर त्याच कोटाच्या शिवणीतले धागे काढून असं विणून द्यायचे की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. क्लबचा पहिला जाहीर प्रयोग झाला तेव्हा हे गृहस्थ पुढच्याच बाकावर बसले होते. डॉक्टरांनी नाणं गायब केलं, तोच सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या पितळी अंगुस्तानानं बाकावर टक टक! न्हाव्यानं पत्ता बदलला, टक टक! जिथे लबाडी तिथे यांची टकटक, आणि दर वेळी बरोबर. लोक जादू सोडून यांच्याकडेच बघायला लागले. डॉक्टर पडद्यामागे येऊन आमच्यावरच भडकले. म्हणाले, "या माणसाला एक तर गावाबाहेर काढा, नाहीतर क्लबमध्ये घ्या." गावाबाहेर काढणं काही आमच्या हातात नव्हतं.

तेव्हापासून क्लबचे नियम दोन. एक, बघणाऱ्यानं कितीही गळ घातली तरी तीच जादू लगेच परत करायची नाही. दोन, टकटकरावांनी पास केल्याशिवाय कोणतीही जादू लोकांपुढे न्यायची नाही. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी ते वेताच्या खुर्चीत बसायचे. टक टक झाली की आपण मुकाट्यानं सामान गोळा करून घरी. एका रुमालासाठी मी सात शनिवार घरी गेलोय! त्यांना स्वतःला लबाडी दिसायचीच, पण लोकांना दिसणार नाही अशी खात्री पटली की नुसती मान हलवायचे. मी एकदा विचारलं, "तुम्ही कधीच फसला नाहीत?"

"नाही हो," ते म्हणाले. "लोक कसे आ वासून बघतात! मला हेवा वाटतो त्यांचा. मला आपला धागाच दिसतो."

दोन वर्षांपूर्वी माझ्या कोटाची बाही खिळ्याला अडकून फाटली. टकटकरावांनी ती करून दिली आणि रफू कुठे केलाय ते मला दिसलं. मला! ज्याला समोरच्या कपाटातली बाटली सापडत नाही त्याला. आठवड्याभरात त्यांची बायको, आमच्या सगळ्यांच्या वहिनी, डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी घेऊन दुकानात आल्या. चिठ्ठी बघून मी काय ते समजलो. काचबिंदू, आणि तोही बराच पुढे गेलेला. गेलेली नजर त्यात परत येत नाही.

"भाऊजी, क्लबात बोलू नका," वहिनी म्हणाल्या. "दुकान तर बंद करावंच लागणार. शनिवारही गेला तर ह्यांनी जगायचं कशावर?"

पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. टकटकराव सोडून सगळ्यांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. न्हाव्यानं तोडगा काढला, की आपण मुद्दाम जरा वाईट करू या. मग काय, डॉक्टर नाणं लपवताना दुसऱ्या नाण्यावर आपटायचे. पत्ता सरकवायच्या वेळी न्हावी खोकायचा. खुर्चीतून टक टक आली की आम्ही हुश्श करायचो. टकटकराव खुशीत जिना उतरायचे, खाली सायकलवाल्याच्या बाकावर वहिनी थांबलेल्या असायच्या, आणि दोघं हात धरून घरी जायची. आम्हाला वाटायचं, केवढं पुण्य करतोय आपण!

पण हाताला लागलेली सवय काही सांगून सुटत नाही. क्लबला तीस वर्षं झाली म्हणून गेल्या महिन्यात आम्ही जाहीर प्रयोग केला. डॉक्टरांचं नाणं खणकन जमिनीवर पडलं. न्हावी खोकला आणि त्याच्या बाहीतून तीन पत्ते खाली आले. माझा रुमाल गायब झाला खरा, पण दुसऱ्या रांगेतल्या एक आजीबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "अहो, तुमच्या कोटातून काहीतरी लोंबतंय!" सभागृह हसून हसून लोळलं. तीस वर्षांची अब्रू पाऊण तासात गेली. टकटकराव पहिल्याच रांगेत वहिनींशेजारी होते. त्यांनी एकदाही टकटक केली नाही.

पुढच्या शनिवारी ते आले ते बसलेच नाहीत. अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ही खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या. दोन वर्षं झाली, मला काही दिसत नाही. आणि ते तुम्हाला माहीत आहे, हेही मला माहीत आहे."

मग ते डॉक्टरांच्या दिशेनं वळले.

"डॉक्टर, तुमचं नाणं इतक्या वर्षांत कधी वाजलं नव्हतं. वाजायला लागलं त्याच दिवशी पकडलं होतं मी तुम्हाला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोललो की शनिवार संपला. म्हणून टकटक करत राहिलो. माझ्यापायी तुमचे हात बिघडले, लोक हसले."

मला असा राग आला म्हणता! त्यांचा नाही, माझाच. ओरडलोच मी, "बसा खाली! मोठे आले राजीनामा देणारे! हात आमचे, बिघडवले आम्ही, तुमचं काय त्यात?" त्यांना धरून खुर्चीत बसवलं. आता पुढे काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. खिशात हात घातला तर स्पंजचे दोन लाल गोळे लागले. नवशिक्यांची जादू, पण ती बघावी लागत नाही, हातालाच कळते.

"मूठ पुढे करा," मी म्हणालो. एक गोळा त्यांच्या हातात दिला आणि मूठ मिटवली. दुसरा त्यांना चाचपायला लावला. "हा माझ्याकडे. बरोबर? आता हा गेला. उघडा मूठ."

त्यांनी मूठ उघडली. आत दोन गोळे.

त्यांनी ते बोटांनी मोजले. परत मोजले. माझा तळवा चाचपला, मनगट चाचपलं, बाहीत बोटं घातली. ज्या बोटांना कापडातला एकेक धागा कळायचा, त्यांना काही सापडेना. तोंड उघडंच राहिलं.

"परत करा," ते म्हणाले.

मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे पाठ केली.

मी परत केली. तेरा वेळा केली. दर वेळी ते मूठ उघडायचे आणि दर वेळी हसायचे. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि माझ्याही, लपवू कशाला? मग ते चाचपडत उठले, खिडकीशी गेले आणि खाली वाकून ओरडले, "अगं ए, वर ये लवकर! फसलो गं मी, फसलो!"